उसाच्या रसाचा ब्रिक्स फायबरने मोजायचाय? मग आधी एलईडी तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडचा एक मुलगा, एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टला ऑप्टिकल फायबरने उसाच्या रसाची गोडी (ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर वगैरे विरघळलंय ते) मोजायची असा विषय घेतलाय. १ मिलिमीटरच्या प्लॅस्टिक फायबरचा यू आकाराचा प्रोब घरीच बनवलाय, एका टोकाला लाल एलईडी, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा फोटोडायोड, खाली रीडिंग घ्यायला आर्डुइनोचं छोटं बोर्ड. साखरेच्या पाण्यात ग्राफ झकास आला, पण दुसऱ्या दिवशी तीच द्रावणं परत घेतली तर सगळी रीडिंग सरकलेली, आणि दुपारी अजूनच वेगळी. गाईड म्हणतात सेन्सिटिव्हिटी कमी पडतेय, सोन्याचा थर देऊन एसपीआर (सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स, द्रवातला बारीक फरक पकडायची पद्धत) करा. आणि हा विचारतोय, "मॅडम, काय करू?"

सोनं राहू दे बाबा. एसपीआर चांगलंच आहे, पण त्याला साधारण ५० नॅनोमीटरचा एकसारखा थर लागतो, पांढरा प्रकाश लागतो आणि स्पेक्ट्रोमीटर लागतो, म्हणजे सोन्यापेक्षा बाकीचा खर्च जास्त. आणि तुझा जो त्रास आहे तो त्याने जाणारच नाही, उलट तापमानाने सरकणारं रीडिंग अजून बारकाईने सरकताना दिसेल एवढंच. मी या धंद्यात बरीच वर्षं आहे आणि आत्तापर्यंत जेवढे प्रोब फसलेले बघितले त्यातले फारच थोडे सेन्सिटिव्हिटी कमी म्हणून फसले. बहुतेक वेळा मोजायचं होतं एक आणि मोजलं गेलं भलतंच.

आता तू मोजतोयस काय ते आधी बघू, कारण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये इथेच सगळ्यात जास्त घोळ असतो. साखर विरघळली की पाण्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (आत शिरताना प्रकाश किती वाकतो तो आकडा) वाढतो. साधं पाणी २० अंशाला १.३३३०, १० ब्रिक्सला १.३४७८, २० ला १.३६३८, ४० ला १.३९९९. म्हणजे रसाच्या पट्ट्यात एका ब्रिक्सला साधारण ०.००१५ एवढाच फरक. तुझ्या फायबरचा कोअर (प्रकाश वाहणारा आतला गाभा) पीएमएमए नावाच्या प्लॅस्टिकचा, त्याचा इंडेक्स १.४९, आणि त्यावर जेमतेम १० मायक्रॉनचं क्लॅडिंग (बाहेरचा पातळ थर) असतं ज्याचा इंडेक्स १.४० च्या आसपास. आता गणित कर. कोअर आणि क्लॅडिंग मिळून क्रिटिकल अँगल (भिंतीच्या लंबापासून मोजलेला कोन, त्याहून तिरका किरण आतच परत फिरतो) येतो साधारण ७० अंश, म्हणजे सरळ फायबरमधून तुझ्या प्रोबपर्यंत जे किरण पोचतात ते सगळे भिंतीवर ७० अंशापेक्षा जास्त तिरके आपटणारे, बाकीचे आधीच वाटेत गळालेले. क्लॅडिंग काढलं आणि पाण्यात बुडवलं तर तिथला क्रिटिकल अँगल ६३.५ अंश, २० ब्रिक्सला ६६.३. सगळे किरण ७० च्या वरचे, म्हणजे एकही बाहेर पडत नाही! फायबर सरळ ठेवला तर पाणी काय आणि रस काय, त्याला काही फरक पडत नाही. जवळजवळ ४० ब्रिक्सपर्यंत तो आंधळा. म्हणून तर तो वाकवायचा, वाकणात त्याच किरणांचे कोन बदलतात, काही किरण भिंतीवर जास्त सरळ आपटायला लागतात आणि त्यातले किती आत टिकतात किती बाहेर गळतात हे बाहेरच्या द्रवाच्या इंडेक्सवर ठरतं. म्हणून तुझ्या प्रोबमध्ये सगळा खेळ त्या वाकणाचा.

आणि कृपा करून रिपोर्टमध्ये "इव्हॅनेसंट अ‍ॅब्सॉर्प्शनमुळे सिग्नल कमी होतो" असं लिहू नकोस, दर वर्षी दहा जण लिहितात. इव्हॅनेसंट फील्ड असतं हे खरं, कोअरच्या बाहेर मायक्रॉनच्या काही दशांशापुरतं ते डोकावतं, पण साखरेचं पाणी लाल प्रकाश शोषतच नाही तर शोषून कमी कसा होईल? ते रंगीत द्रवाला लागू, किंवा फायबरवर एखादा रंग बदलणारा थर बसवला असेल तर. यू प्रोबवर आपल्याकडे भरपूर काम झालंय, आयआयटी दिल्लीत प्रा. बी. डी. गुप्ता यांच्या गटाने नव्वदच्या दशकातच यू आकाराच्या प्रोबवर काम केलं, नंतर आयआयटी मुंबईत प्रा. सौम्यो मुखर्जी यांच्या गटाने त्यावर बायोसेन्सर केले. पण त्यांच्याकडे शोषणारं काहीतरी होतं. तुझ्याकडे नुसती गळती आहे, तेवढंच लिही, परीक्षक खूश होतील.

बरं, आता मूळ दुखणं. दुपारी रीडिंग वेगळं का.

द्रवाचं तापमान बदललं की इंडेक्स बदलतो हे पुस्तकात असतं आणि सगळे तेच कारण देतात. पाण्याचा इंडेक्स खोलीच्या तापमानाला एका अंशाला साधारण ०.०००१ ने कमी होतो, म्हणजे ब्रिक्सच्या भाषेत अंशाला ०.०७ च्या जवळपास. सकाळी २४, दुपारी ३४ असं धरलं तरी ०.७ ब्रिक्स. कमी नाही, पण तुझा फरक याहून बराच मोठा असणार असं मला वाटतं. खरा चोर एलईडी आहे. लाल एलईडीचा उजेड तापमान एक अंश वाढलं की अर्धा ते एक टक्का उतरतो. आता एका ब्रिक्सला तुझा सिग्नल किती टक्के बदलतो ते तुझ्याच ग्राफवरून काढ. दोन अडीच टक्के निघाला तर एका अंशाला एलईडीच तुझ्या रसात ०.२ ते ०.५ ब्रिक्सची खोटी साखर घालतो. दहा अंशाला दोन ते पाच ब्रिक्स! साखर कारखान्यात एवढ्या फरकावर भांडणं होतील.

मला हे शिकायला एक उन्हाळा गेला. एका प्रयोगशाळेत होते, नाव नको, आम्ही द्रावणात काहीतरी हळूहळू विरघळतंय ते फायबरने बघत होतो आणि ग्राफवर इतकी सुंदर लाट यायची की आम्ही तिच्यावर थिअरी लिहायला घेतली. दर वीस एक मिनिटांनी वर, मग खाली. एक दिवस एसी बिघडला आणि लाट गेली. आम्ही महिनाभर एसीचा कॉम्प्रेसर कधी चालू होतो कधी बंद होतो ते फायबर ऑप्टिक्सने मोजत होतो. सगळ्यांसमोर सांगायची सोय नव्हती म्हणून तेव्हा कुणी बोललं नाही, आज सांगतेय.

म्हणून पहिलं काम, द्रव नकोच. प्रोब कोरडा, हवेत, हलणार नाही असा चिकटवून ठेव, शेजारी एक साधा थर्मामीटर सेन्सर, आणि रात्रभर दोन्ही रीडिंग नोंदवत राहा. सकाळी जो ग्राफ दिसेल तो तुझ्या सेन्सरचा खरा चेहरा. त्यात द्रव नाही, साखर नाही, तरी जे काय हललंय ते सगळं उद्या तुझ्या ब्रिक्समध्ये घुसणार आहे.

दुसरं काम म्हणजे जोडीदार. ताण मोजणारे स्ट्रेन गेजवाले शेजारी ताण न पडणारं एक डमी गेज तुलनेला लावतात ना, तसंच. एकाच एलईडीवर दोन फायबरची टोकं शेजारी शेजारी दाबून बसव, दोघांना सारख्याच दांडीवर वाकवून एकसारखे यू कर, एक यू एका छोट्या परीक्षानळीत डिस्टिल्ड वॉटर घालून तोंड सील कर, दुसरा उघडा. दोन्ही एकाच बीकरमध्ये. दोन फोटोडायोड, आणि तू फक्त दोघांचं गुणोत्तर लिहायचं. एलईडी मंद झाला तर दोघांना सारखाच, पाणी तापलं तर बंद नळीतलंही तापणार (त्याला दोन चार मिनिटं जास्त लागतील तेवढं थांब), म्हणजे दोन्ही चोर एकाच वेळी बाहेर. पूर्ण नाही जात, दोन फोटोडायोड अगदी जुळे नसतात आणि एलईडीचा झोत थोडा सरकला तर एकाला जास्त एकाला कमी मिळतो, म्हणून एलईडी आणि फायबर यांचा जोड इपॉक्सीने पक्का कर, ब्ल्यू टॅकने चिकटवलेलं मी बघितलंय, ते दुपारी मऊ होतं. पण एवढं केलंस तरी दहातले नऊ हिस्से त्रास संपेल आणि खर्च फक्त एक जादा फोटोडायोड आणि एक परीक्षानळी.

इलेक्ट्रॉनिक्स फार नको. आर्डुइनो उनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा, म्हणजे सगळ्या पट्ट्याच्या १०२४ पायऱ्या, तुला एका ब्रिक्सला फार तर वीस पंचवीस पायऱ्याच मिळणार. एडीएस १११५ चं छोटं बोर्ड लाव, १६ बिट आहे आणि चार चॅनेल आहेत, दोन्ही फोटोडायोड त्याच्यावरच बसतील. फोटोडायोड बीपीडब्ल्यू ३४ सारखा कुठलाही, ऑप अँपने करंटचं व्होल्टेज कर. एलईडी सतत चालू ठेवू नकोस, चालू बंद चालू बंद कर आणि दोन्ही रीडिंगची वजाबाकी घे, खिडकीतला उजेड आपोआप जातो. ट्यूबलाइट १०० हर्ट्झने लुकलुकते म्हणून २० मिलिसेकंदाच्या पटीत अ‍ॅव्हरेज घे. आणि बीकरवर काळा कागद, हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं.

प्रोब बनवताना: काळं जॅकेट काढ, मधल्या दोन तीन सेंटिमीटरवर अगदी बारीक पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने फिरव की क्लॅडिंग जातं. काही जण अ‍ॅसिटोनने पुसतात, मी सांगणार नाही, पीएमएमएला अ‍ॅसिटोन खातो आणि पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात ज्या लगेच दिसत नाहीत, आठवड्याने दिसतात, प्रोब बुडवला की सिग्नल एक सांगतो वाळवला की दुसरं. वाकवण्यासाठी कडकडीत गरम पाण्यात धर आणि पेन्सिलीएवढ्या दांडीभोवती वळवून तसाच गार होऊ दे. जबरदस्तीने थंड वाकवला तर तो हळूहळू उघडत जातो आणि उघडला की कॅलिब्रेशन गेलं. एक गोष्ट आधीच मान्य करून टाक, हाताने केलेले दोन प्रोब कधीच एकसारखे येत नाहीत, वाकण्याची त्रिज्या अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी ग्राफ बदलतो. म्हणून प्रत्येक प्रोबचं वेगळं कॅलिब्रेशन आणि प्रोबवर नंबर चिकटवायचा. वरच्या जुळ्या जोडीत पण हेच, थोडे वेगळे असले तरी चालतात, गुणोत्तराचं कॅलिब्रेशन करायचं.

कॅलिब्रेशनची साखर घरचीच चालेल. पण १० ब्रिक्स म्हणजे १० ग्रॅम साखर आणि ९० ग्रॅम पाणी. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम टाकलीस तर ते ९.०९ होतं, आणि ही चूक मी पीएचडीच्या प्रबंधात बघितलीय. पाणी पण वजनानेच घे. द्रावणं ०, ५, १०, १५ अशी चढत्या क्रमाने घेऊ नकोस, उलटसुलट घे, कारण क्रमाने घेतलीस आणि तेवढ्या वेळात खोली तापत गेली तर तापमानाचा चढ साखरेच्या चढात मिसळून जातो आणि तुला कळतही नाही, रेषा उलट अजून सरळ आल्यासारखी वाटते. मधून मधून साध्या पाण्याचं रीडिंग घे. ते जिथल्या तिथे आलं तर पुढे जा, नाही आलं तर थांब आणि कारण शोध.

आता रस. साखरेचं पाणी आणि खरा रस यात जमीन अस्मानाचा फरक आहे. रसात चोथ्याचे कण, मेण, माती, आणि हवेचे बुडबुडे. बुडबुडा वाकणावर बसला की तिथे १.३५ च्या जागी १.०० आणि रीडिंग उडी मारतं, ती उडी दिसली की ओळखायचं आणि प्रोब हलकासा टिचकी मारून सोडवायचा. मेणाचा आणि चिकट थराचा त्रास जास्त वाईट, कारण तो उडी मारत नाही, हळूहळू बसतो, प्रकाश विखुरतो, सिग्नल कमी होतो आणि तुला वाटतं रस गोड होत चाललाय. म्हणून रसानंतर प्रत्येक वेळी कोमट पाणी आणि थोडा साबण, मऊ कापड, आणि पुन्हा साध्या पाण्याचं रीडिंग. गाळणं तर पाहिजेच, दुहेरी मलमलीतून. शिवाय लक्षात ठेव की इंडेक्सला साखर आणि इतर विरघळलेलं यातला फरक कळत नाही, ब्रिक्स म्हणजे सगळं मिळून, नुसती साखर म्हणजे पोल हवी असेल तर ती पोलारिमीटरचं काम. कारखान्यातला केमिस्ट दोन्ही वेगळे मोजतो ते उगाच नाही.

इथे थोडं विषयांतर. तुझ्या वर्गातल्या अजून दोघांनी असंच दुधातली भेसळ आणि पेट्रोलमधली भेसळ फायबरने पकडायचे प्रोजेक्ट घेतलेत असं तू लिहिलंयस. त्यांना सांग, एका आकड्याने दोन अज्ञात सुटत नाहीत. दुधात पाणी घातलं की इंडेक्स उतरतो, मग साखर घातली की परत चढतो, लॅक्टोमीटरला फसवायची जी जुनी युक्ती तीच इथे चालते. पेट्रोलचं तर अजून मजेशीर, रॉकेलचा इंडेक्स पेट्रोलपेक्षा थोडा वर, १.४४ च्या आसपास, आणि इथेनॉलचा बराच खाली, १.३६. आता पंपावरच्या पेट्रोलमध्येच इथेनॉल मिसळलेलं असतं, तर रॉकेलने चढलेला आकडा इथेनॉल खाली आणतो. नुसत्या इंडेक्सवर "भेसळ पकडली" असं म्हणणारा प्रोजेक्ट बघितला की मी एकच विचारते, शुद्ध नमुने किती वेगवेगळ्या ठिकाणचे तपासले? उत्तर बहुतेक "एका पंपावरचे" असं असतं.

तुझे गाईड काचेच्या फायबरचं म्हणतील तर तेही सांगून ठेवते. टेलिफोनवाल्यांचा साधा सिंगल मोड फायबर, टोक नीट क्लीव्ह केलेलं म्हणजे सपाट तोडलेलं, नुसतं द्रवात बुडवायचं आणि टोकावरून किती प्रकाश परत येतो ते बघायचं. हवेत सुमारे ३.४ टक्के परत येतो, पाण्यात ०.२ टक्के. हे मला फार आवडतं कारण हवेचं रीडिंग म्हणजे फुकटचं स्टँडर्ड, टोक कोरडं करून हवेत घ्यायचं, मग द्रवात, आणि भागाकार, लेझरची पॉवर काय होती हा प्रश्नच मिटला. रस गढूळ असला काळा असला तरी फारसं बिघडत नाही कारण प्रकाशाला त्यातून आरपार जायचंच नसतं. पण अडचणी आहेत. ०.२ टक्के म्हणजे इतकं कमी की वाटेतल्या कनेक्टरचं परावर्तनसुद्धा त्यात लुडबुड करतं, म्हणून हिरवे एपीसी कनेक्टर (टोक तिरकं घासलेले) घ्यायचे, निळे नाही. जाणारा आणि परत येणारा प्रकाश वेगळा करायला जो कपलर लागतो त्याचं जे चौथं टोक रिकामं राहतं ते तसंच हवेत सोडलं तर तिथूनच ३.४ टक्के परत येतो आणि तू दिवसभर त्याच टोकाचं मापन करत बसतोस, ते पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळून टाक. १५५० नॅनोमीटर वापरत असशील तर पुस्तकातला १.३३३ विसर, तिथे पाणी १.३१७ च्या आसपास असतं. आणि काकवी किंवा घट्ट सिरपकडे जाऊ नकोस. काचेचा इंडेक्स लाल प्रकाशाला १.४५६, आणि साखरेचं द्रावण ६६-६७ ब्रिक्सला नेमकं तिथेच येतं. तिथे परावर्तन शून्य, त्याच्या पुढे गेलं की परत वाढायला लागतं, म्हणजे एकच रीडिंग ६० ला पण आणि ७२ ला पण. कारखान्यातले पाइपवर बसवायचे रिफ्रॅक्टोमीटर सफायरचं प्रिझम लावतात ते यासाठीही, त्याचा इंडेक्स १.७७, सगळ्या पट्ट्यात वरच राहतो.

कुणी फायबर ब्रॅग ग्रेटिंग (कोअरमध्येच कोरलेली बारीक जाळी, ती एकाच तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवते) सुचवलं तर नम्रपणे नाही म्हण. त्याला तापमान आणि ताण कळतो, १५५० ला अंशाला साधारण १० पिकोमीटर, पण द्रव कळत नाही, कारण प्रकाश कोअरमध्ये बंद असतो आणि वर क्लॅडिंगची गादी. द्रव कळायला ती गादी हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडने खरवडावी लागते, आणि ते अ‍ॅसिड कॉलेजच्या लॅबमध्ये नकोच. कातडीतून आत जातं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि शरीरातल्या कॅल्शियमवर जातं. जिथे ते वापरतात तिथे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवलेलं असतं. लाँग पीरियड ग्रेटिंगला मात्र अ‍ॅसिड लागत नाही, ते प्रकाश क्लॅडिंगमध्ये ढकलतं म्हणून बाहेरचा द्रव त्याला थेट कळतो, पण वाकलं तरी कळतं, तापलं तरी कळतं, आणि वाचायला परत तो महागडा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर.

शेवटी तू विचारलंयस की बाजारात हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, दोन थेंब टाकले की ब्रिक्स, मग हे सगळं कशाला. प्रश्न बरोबर आहे आणि व्हायवात नक्की येणार. शेतात उभ्या उसाची परिपक्वता बघायची असेल तर तोच घे, फायबर कशाला. फायबरचा उपयोग जिथे माणूस सतत उभा राहू शकत नाही तिथे, गरम पाइपात, शेजारी मोठ्या मोटरींचा विद्युत गोंगाट आहे तिथे, किंवा पेट्रोलच्या टाकीत जिथे वीज न्यायचीच नाही. तुझा प्रोब दिवसभर रसात बुडून दर मिनिटाला आकडा देत असेल तर त्याला अर्थ आहे, म्हणून रिपोर्टमध्ये सेन्सिटिव्हिटीचा ग्राफ एक पान आणि आठ तासांच्या ड्रिफ्टचा ग्राफ दोन पानं असू दे. आणि प्रत्येक दिवशी रिफ्रॅक्टोमीटरने तेच नमुने तपासून शेजारी लिही, तो तुझा शत्रू नाही पंच आहे.

आणि हो, दुसऱ्या दिवशी "तीच" द्रावणं घेतली असं लिहिलंयस, रात्रभर बीकरमध्ये उघडी होती का? उन्हाळ्यात साखरेचं पाणी सकाळपर्यंत आंबायला लागू शकतं आणि पाणीही उडतं, म्हणजे ते दुसऱ्या दिवशी तेच नव्हतंच. रोज ताजं कर. रात्रभराचं कोरडं रीडिंग आणि जुळ्या प्रोबचं पहिलं गुणोत्तर आलं की पाठव, बघू.